जुलैचं वाचन: गोडसे भटजी, लक्ष्मीबाई, लंपन आणि शेवटी चक्क रुचिरा

जुलैमध्ये वाचलेल्या पुस्तकांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. एक सत्तावन्नच्या धामधुमीत सापडलेला कोकणातला भिक्षुक, एक कवीची बायको, एक बेळगावकडचा पोरगा, एक धनगरांच्या वाडीतला मास्तर, एक बोट, एक जाडजूड कवितासंग्रह आणि शेवटी पाककृतींचं पुस्तक. लिस्ट बघून मैत्रीण म्हणाली, तू वाचतेस का रद्दीवाल्याकडून किलोवर उचलतेस? तिचंही बरोबर आहे म्हणा, यातलं एक खरंच रद्दीच्या दुकानातून आलंय आणि तेसुद्धा कव्हर नसलेलं.

पाऊस असला की माझं वाचन वाढतं, याला काही रोमँटिक कारण वगैरे नाही. डोंबिवली ते सीएसएमटी जाऊन येऊन, त्यात पाणी भरलं की गाडी मध्येच कुठेतरी उभी, मोबाईलची रेंज गेलेली, आजूबाजूला ओल्या छत्र्या, आणि चौथ्या सीटवर अर्धं टेकून बसलेलं असताना करणार काय माणूस. पुस्तक बारीक असलं तर एका हातात मावतं, जाड असलं तर शेजारणीच्या डब्याच्या पिशवीवर टेकवावं लागतं. त्यामुळे गाडीतली पुस्तकं वेगळी आणि घरी रात्री वाचायची वेगळी अशी वाटणी आपोआपच होते.

गाडीतलं पहिलं पुस्तक 'माझा प्रवास', म्हणजे विष्णुभट गोडसे, गाव वरसई, पेणजवळचं. याबद्दल लांबलचक लिहिणार आहे, कंटाळा आला तर सरळ खाली लक्ष्मीबाई टिळकांवर जा.

शाळेत सत्तावन्न आपण सगळ्यांनीच घोकलेलं असतं, काडतुसं, मंगल पांडे, झाशी, तात्या टोपे, सनावळीसकट, आणि पेपर झाला की विसरलेलंही असतं. इथे मात्र जो माणूस आपल्याला ते सांगतोय त्याला मुळात उठावाशी काही देणंघेणंच नाहीये. घरावर कर्ज झालंय आणि ते फेडायचं कसं ही एकच विवंचना. तेवढ्यात कानावर येतं की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, म्हणून हे आपल्या काकांबरोबर चालत निघतात. चालत! वरसईहून! उत्तरेकडे! आणि निघाले कधी, तर नेमके १८५७ साली. टायमिंग म्हणजे टायमिंग. पुढे वाटेत पलटणीतल्या शिपायांकडूनच यांना कळतं की आता मोठी गडबड होणार, आणि शहाणा माणूस तिथूनच मागे फिरला असता, पण कर्ज तर फेडायचंय ना, मग हे पुढेच जातात.

मला या पुस्तकात सगळ्यात आवडलं ते हे की भटजी पैशाबद्दल अजिबात लाजत नाहीत. कुठे काय दक्षिणा मिळाली, कुठे जेवण कसं होतं, कोण दाता चांगला, कोण चिकट, सगळं सांगतात. थोर ऐतिहासिक प्रसंग घडतोय, आता भाषा जरा गंभीर करावी, असं त्यांच्या डोक्यातसुद्धा येत नाही. राजवाड्यातल्या गोष्टी आणि स्वयंपाकघरातल्या गोष्टी एकाच सुरात. त्यामुळे झाशीला वेढा पडतो तेव्हा आपणसुद्धा एकदम आत अडकतो. मग तो इतिहास वगैरे राहत नाही, बाहेरून गोळे पडतायत आणि आपण कुठल्या कोपऱ्यात लपायचं एवढाच प्रश्न उरतो. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोजची फौज शहरात शिरली आणि त्यानंतर जी लूट झाली तिचं वर्णन मी कळवा गेलं ठाणं गेलं तरी मान वर न करता वाचत होते. लूटसुद्धा पद्धतशीर हो! आधी सोनंनाणं, मग भांडीकुंडी, मग कपडे, मग धान्य. एका तुकडीनं जे सोडलं ते दुसरी उचलून नेते. लोकांच्या घरात शेवटी काही म्हणजे काही राहत नाही. भटजींनी जपून साठवलेली दक्षिणाही त्यात जाते, आणि इतक्या मेलेल्या माणसांच्या वर्णनानंतर या माणसाची पुंजी गेली म्हणून माझ्या पोटात तुटलं, हे विचित्र आहे पण आहे.

आणि झाशीच्या वाड्यातला ग्रंथसंग्रह. तिथे मोठा पोथ्यांचा साठा होता, नीट बांधून ठेवलेला, आणि त्याची वाताहत झाली, पानं विखुरली गेली. भटजी पोथीवर जगणारा माणूस, त्यामुळे बाकीच्या लुटीइतकंच त्यांना हेही लागतं. मी ते वाचून पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ खिडकीबाहेर मुंब्र्याची खाडी बघत बसले. आपल्याकडे किती काय होतं आणि किती काय असंच गेलं असेल याचा हिशोबच नाही.

विहिरीवरचा प्रसंग तर बऱ्याच जणांना माहीत असेल. झाशी पडल्यावर काल्पीच्या बाजूला भटजींना राणी भेटते, तहानलेली, धुळीनं माखलेली. हे पाणी काढून द्यायला पुढे होतात तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नका, मीच काढते. किती सिनेमे आले, मालिका आल्या, घोड्यावरची ती, पाठीला मूल बांधलेली ती, पण मला आता राणी म्हटलं की विहिरीवर स्वतः पाणी शेंदणारी बाईच दिसणार. कारण हे सांगणारा माणूस तिथे उभा होता.

एवढं सगळं होऊन गेल्यावर हा गृहस्थ सरळ घरी तरी येईल? नाही. एवढ्या लांब आलोच आहोत तर तीर्थयात्रा करून घेऊ, म्हणून काशी वगैरे करून गंगेची कावड खांद्यावर घेऊन परत चालत कोकणात, आईवडिलांसाठी. पैसे मिळवायला गेलेला मुलगा काही वर्षांनी पाणी घेऊन आला. आईबापांना काय वाटलं असेल! मला विचाराल तर पुस्तकातला सगळ्यात मोठा प्रसंग हाच आहे, झाशी त्याच्या नंतर.

हे पुस्तक आपल्यापर्यंत आलं ते चिंतामण विनायक वैद्यांमुळे, भारताचार्य वैद्य ते हेच. त्यांनी भटजींच्या मागे लागून सगळं लिहून घेतलं आणि भटजी गेल्यानंतर १९०७ साली छापलं, आपल्या हातानं बरीच साफसफाई करून. मग १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून काढलं. मी वाचली ती प्रत वैद्यांच्या पाठावरची. आता मूळचं वाचायची खाज सुटली आहे, कारण वैद्यांनी काय काय कापलं असेल हे बघायचंय. अशा कापलेल्या भागातच खरी मजा असते असा माझा जुना संशय आहे.

घरी रात्री चालू होतं ते 'स्मृतिचित्रे', लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. हो, पहिल्यांदाच पूर्ण वाचलं. शाळेत धडा होता तेवढंच माहीत, आणि धड्यातल्या लक्ष्मीबाई गोड गोड वाटतात. पूर्ण पुस्तकातल्या बाई गोड नाहीत, त्या जबरदस्त आहेत.

आणि इथे मला एक धक्का बसला. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं ते कुप्रसिद्ध सोवळं, मीठसुद्धा धुवून घेणारे, घरात आलेली प्रत्येक गोष्ट पाण्यातून काढणारे. मी हसत हसत वाचत होते, आणि मग कळतं की हे खूळ शिरलं ते सासऱ्यांना, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना, सत्तावन्नच्या प्रकरणात फाशी झाली त्यानंतर. सकाळी गाडीत भटजींबरोबर झाशीत आणि रात्री त्याच सत्तावन्नचा तडाखा नाशिकजवळच्या जलालपुरात एका लहान मुलीच्या ताटातल्या मिठापर्यंत पोचलेला. मी मुद्दाम ठरवून ही दोन पुस्तकं एकत्र घेतली नव्हती हो. लायब्ररीतल्या काउंटरवरच्या काकांनी माझ्या हातातलं दुसरंच काहीतरी काढून घेतलं आणि "हे अजून वाचलं नाहीत? कमाल आहे" म्हणून हे दिलं. काका असं बोलले की वाचावंच लागतं, नाहीतर परत करताना परीक्षा घेतात.

टिळक म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळक, फुलामुलांचे कवी. माणूस म्हणून अफाट आणि नवरा म्हणून डोक्याला ताप. हातात पैसे आले की दुसऱ्याला देऊन मोकळे, मनात आलं की उठून चालायला लागले, आणि १८९५ साली तर ख्रिस्तीच झाले. बाईंवर आभाळ कोसळलं. पुढची चारपाच वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या नवऱ्याकडे गेल्या पण आपलं सोवळं, आपला स्वयंपाक सांभाळूनच. आणि मग हळूहळू, कुणी सांगितलं म्हणून नाही तर स्वतःच उलटसुलट विचार करत करत, ही जात कुणी केली इथपर्यंत आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हा सगळा प्रवास त्या अशा सांगतात की आपल्याला वाटावं काल घडलेला गमतीदार प्रसंग शेजारीण ओट्याशी उभी राहून सांगतेय. रडण्याच्या जागी हसवतात आणि मग पुढच्याच वाक्यात असं काहीतरी येतं की हसू तिथेच अडकतं. टिळकांवर एवढी चिडचिड, एवढी भांडणं, पण कुठेही कडवटपणा नाही, आणि "माझे पती देव" असलं काहीही नाही. आत्ता कुणी संसारावर लिहिलं तर एकतर सोशिक बाई असते नाहीतर बंडखोर बाई असते. लक्ष्मीबाई या दोन्ही खणांत बसत नाहीत, नवऱ्यावर वैतागतात, त्याच्यावर जीव टाकतात आणि त्याला बरोबर ओळखूनही असतात.

माझ्या हातातली प्रत लायब्ररीची, जुनी, पाठीवर चिकटपट्टी, पानं पिवळी. टिळकांनी घरातले पैसे असेच कुठेतरी देऊन टाकले अशी जागा आहे तिथे समासात कुणीतरी पेन्सिलनं अगदी नेटक्या अक्षरात लिहिलंय, "असा नवरा नको गं बाई". त्याखाली वेगळ्या अक्षरात, पेननं, "पण मन मोठे होते". त्याखाली परत पहिलीचं पेन्सिलचं अक्षर, म्हणजे बाईंनी पुस्तक परत नेलं असणार: "तुम्ही पुरुष आहात हे कळले". मी एवढी हसले की नवऱ्यानं आतून विचारलं काय झालं. लायब्ररीच्या पुस्तकात लिहू नये हे मला मान्यच आहे, नियमच आहे तसा, पण हे कुणी खोडलं तर मी त्याच्याशी भांडेन. मलाही चौथी ओळ लिहायचा मोह झाला होता. लिहिली का नाही ते सांगत नाही.

भटजी काय आणि लक्ष्मीबाई काय, दोघंही लेखक नाहीत. म्हणजे आपण लेखक आहोत असं त्यांना वाटत नाही. दोघांनाही कुणीतरी मागे लागून लिहायला लावलं, भटजींना वैद्यांनी, लक्ष्मीबाईंना मुलानं, देवदत्तांनी. स्मृतिचित्रेचा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा बाई पासष्टीच्या घरात होत्या. म्हणजे आयुष्य आधी जगून झालेलं, सांगून सांगून गोष्टी घोटीव झालेल्या, आणि मग त्या कागदावर उतरल्या. आणि महिन्याभरात मी जे वाचलं त्यात या दोघांनी बाकीच्या सगळ्या नामवंत लेखकांना मागे टाकलं असं माझं प्रामाणिक मत आहे. पटलं नाही तर भांडा माझ्याशी, पण आधी दोन्ही वाचून या.

नामवंतांचा राग नाहीये हां. प्रकाश नारायण संतांचा लंपन तर माझा लाडका. त्याच्या गोष्टींचं 'वनवास' पूर्वी वाचलेलं, या वेळी भाच्यासाठी काढलं. भाचा पाचवीत, इंग्लिश मीडियम, मराठी म्हटलं की कपाळावर आठी. बहीण आठवडाभर गावाला गेली म्हणून तो माझ्याकडे होता, आणि रात्री मोबाईल काढून घेतल्यावर आमच्यात तह असा ठरला की मी वाचणार आणि तो ऐकणार, बोअर झालं तर थांबवायचं. लंपन आईवडिलांपासून लांब आजीआजोबांकडे राहतो हे कळल्याबरोबर हा गप्प होऊन जवळ सरकला, कारण हाही त्या आठवड्यात तसाच होता ना. मी ते डोक्यातच घेतलं नव्हतं. मग लंपनचं ते मॅडसारखं, प्रत्येक गोष्ट मॅडसारखी, ते ऐकून याचं सुरू झालं, "मावशी, हा मोठा झाला का नंतर? सुमीला सांगितलं का त्यानं?" मी म्हटलं, वाच आणि शोध. "मला नाही एवढं फास्ट वाचता येत, तूच सांग." नाही सांगितलं. जाताना पुस्तक घेऊन गेलाय. वाचतोय की दप्तरात तसंच आहे ते माहीत नाही, विचारलंही नाही, विचारलं की मुलं वाचत नाहीत.

मोठ्यानं वाचलं की एक गोष्ट लक्षात येते. लंपनच्या तोंडी जे भाबडं बोलणं आहे ते इतकं सहज वाटतं की हे लिहायला काही लागलंच नसेल असं वाटावं, पण मोठ्यानं वाचताना कळतं की एक शब्द इकडचा तिकडे केला तर पडेल. संत पेशानं भूशास्त्राचे प्राध्यापक, कराडला शिकवायचे, इंदिरा संतांचे चिरंजीव. लक्ष्मीबाईंना जे आपसूक येतं ते या माणसानं घासून घासून मिळवलंय आणि घासल्याची एक खूण मागे ठेवलेली नाही.

रद्दीतलं पुस्तक म्हणजे 'बनगरवाडी'. कव्हर नाही, पहिल्या पानावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, शाई पसरलेली. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. हे कितव्यांदा वाचलं ते सोडा. जेमतेम दोन दिवसांच्या जाण्यायेण्यात संपतं आणि संपल्यावर तुम्ही माणदेशातून बाहेर यायला आणखी तेवढाच वेळ घेता. यंदा वाचताना माझं लक्ष सगळं मास्तरच्या कामांवर. पोरगेला मास्तर, शिकवायला आलाय, पण गावाला त्याचा उपयोग वेगळाच. पत्र लिहून दे, भांडण सोडव, तालुक्याला चाललास तर अमुक काम करून ये. शाळा राहते बाजूला आणि हा अख्ख्या वाडीचा कारकून, वकील आणि पोस्टमन होऊन बसतो. माझे बाबा काही वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, ते सांगायचे ते हेच, फक्त त्यात मेंढरं कमी. मग तालीम बांधायचं मास्तर मनावर घेतो, गाव हो-नाही करत कामाला लागतं, ती तालीम उभी राहते, खुद्द राजा येतो उद्घाटनाला. आणि मग दुष्काळ. शेवटच्या पानांबद्दल मी काही लिहीत नाही, ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी वाचलं नाही त्यांचा मला हेवा वाटतो.

'रणांगण' विश्राम बेडेकरांचं, १९३९ सालचं, हे खूप दिवस वाचायचं राहिलं होतं. बोट युरोपातून निघालीय, जर्मनीतून पळालेले ज्यू तिच्यावर, आणि त्यातली हॅर्टा आणि आपला चक्रधर विध्वंस. मुंबई आली की हा उतरणार, ती पुढे शांघायकडे. म्हणजे बोट जितकी पुढे जाईल तितका वेळ कमी. महायुद्ध तोंडावर आलेलं असताना एका मराठी माणसानं हे लिहिलं, तेही एकच कादंबरी लिहून पुन्हा त्या वाटेला गेला नाही, हे थोरच. पण खरं सांगू का, मला चक्रधर आवडला नाही. त्याच्या जुन्या प्रेमभंगाचा राग तो ज्या पद्धतीनं जगभरच्या बायकांवर काढत असतो त्यानं मी चिडले. हॅर्टा आणि तो छोटा लुई यांच्यासाठी वाचलं. दहा वर्षांपूर्वी वाचलं असतं तर कदाचित चक्रधरच्या प्रेमात पडले असते, आता बाई म्हणून माझी सहनशक्ती कमी झालीय.

कवितांच्या वाट्याला मी फार जात नाही पण 'भिजकी वही' घरात होती, नवऱ्याची, लग्नाआधीची. अरुण कोलटकर, २००३ साली आलेली, पुढच्याच वर्षी ते गेले, नंतर साहित्य अकादमी मिळालं. रोज थोडं थोडं असं ठरवलं होतं, ते जमत नाही. रडणाऱ्या बायका, जगभरच्या, कुठल्या कुठल्या काळातल्या, हिपेशिया काय, व्हिएतनाममधली ती किम काय. एक कविता वाचली की त्या रात्री दुसरी वाचवत नाही. शिवाय कोण कुठली ते माहीत नसतं, मग मोबाईलवर शोधा, मग ते वाचत बसा, आणि परत कवितेकडे या तर ती आता वेगळीच दिसते. निम्मीच झाली आहे. ही संपवायची पुस्तकं नाहीत हे मला पटलंय, जवळ ठेवायची. नवरा म्हणतो मीही पूर्ण वाचलेली नाही. लग्नाआधी इम्प्रेस करायला हातात घेऊन फिरायचा तो, आता बोला!

एक पुस्तक सोडलं. नाव नाही सांगत. सवयी बदला, पहाटे उठा, यशस्वी व्हा छापाचं, इंग्रजीवरून मराठीत आणलेलं, ऑफिसमध्ये कुणीतरी वाढदिवसाला दिलेलं. मजकुराचं सोडा, मराठी अशी की प्रत्येक वाक्य आधी मनात इंग्रजीत करून घ्यावं मग अर्थ लागतो. ज्या महिन्यात गोडसे भटजी वाचले त्याच महिन्यात हे वाचणं म्हणजे स्वतःवर अन्याय. वीसेक पानांत रामराम म्हटलं आणि पहाटे उठायचं तर तसंही जमणार नव्हतं.

आणि आता रुचिरा. हसू नका. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली, आणि आमच्याकडची प्रत आईची, तिच्याकडून मी गेल्या वर्षी उचलून आणली. मी ती स्वयंपाकासाठी उघडलीच नव्हती खरंतर. 'भिजकी वही' नंतर झोप येईना म्हणून हलकं काहीतरी म्हणून काढली आणि ओळीनं पानामागून पान वाचत सुटले. एवढी शांत, ठाम आणि नेमकी मराठी मी बऱ्याच दिवसांत वाचली नव्हती. वाटीनं मापं, चमच्यानं मापं. "अंदाजाने घाला" म्हणणाऱ्या आत्या-मावश्या घरोघरी असतात पण पहिल्यांदाच परगावी संसार मांडलेल्या मुलीला अंदाज कुठून येणार? ओगले बाईंनी तो वाटीत मोजून हातात दिला. काय घ्या, किती घ्या, काय करा, पुढे काय करा. एक विशेषण जास्तीचं नाही. आणि हे पुस्तक किती लग्नांत आंदणासारखं दिलं गेलं असेल! आमच्या आईला तिच्या नणंदेनं दिलं.

आईच्या प्रतीत हळदीचे डाग आहेत, तेलाचे आहेत, पुऱ्यांच्या आसपासची पानं तर कडक होऊन एकमेकांना चिकटलीत, आणि जागोजागी आईचं अक्षर. "गूळ कमी केला, चांगले झाले." "यांना आवडत नाही." एका ठिकाणी नुसतंच "नाही". एका चिवड्याशेजारी, "८ माणसे, दुप्पट केले, तरी संपले", आणि खाली वेगळ्या शाईत, "आक्का आली होती". आक्का म्हणजे आईची मोठी बहीण, तिला जाऊन बरीच वर्षं झाली. आईला फोन करून विचारलं की आक्का कधी आली होती गं चिवड्याला. आई म्हणाली कुठली आक्का, कसला चिवडा, आणि मग अर्धा तास सांगत बसली, आक्का कशी आली, कुणाबरोबर आली, आल्या दिवशी पाऊस, स्टोव्ह कसा पेटेना, आक्कानं जाताना उरलासुरला चिवडा डब्यात मागून घेतला तो डबा कसा परत आलाच नाही. मी मध्येच म्हटलं, आई, हे लिहून काढ ना. "मला काय लेखिका समजतेस का", झालं, फोन ठेवला.

मी तिच्या मागे लागणार आहे. दोनशे पानी वही घेऊन ठेवलीय, मोठ्या रेघांची, कारण तिला आता बारीक दिसत नाही. नाहीच लिहिलं तर मोबाईलवर रेकॉर्ड करेन, तिला न सांगता.

ऑगस्टसाठी लायब्ररीतल्या काकांनी आत्ताच दोन बाजूला काढून ठेवलीत, एक 'धग', उद्धव शेळक्यांचं, वऱ्हाडीतलं, दुसरं काय ते सांगायला तयार नाहीत. 'स्मृतिचित्रे' मी एकदा रिन्यू करून घेतलं, दुसऱ्यांदा देणार नाही म्हणाले, पाठीमागे नंबर लागलाय म्हणे. आणि 'माझा प्रवास'ची ती पोतदारांची मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती आमच्या लायब्ररीत नाही, पुण्यात अप्पा बळवंत चौकात दोन दुकानांत विचारलं, तिथेही नव्हती. कुणाकडे असेल तर कळवा, ठाण्यापासून कर्जतपर्यंत कुठेही येऊन घेऊन जाईन, कव्हर घालून परत देईन, आणि समासात काही लिहिणार नाही.